गांजा : बंदी हवी की परवानगी?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



यंदाच्या व्याख्यानमालेचा हा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या. गणपतीपुढे गांजाची चर्चा कशाला, असे दोन-तीन ज्येष्ठांनी मला विचारलेही. विषय तरुण कार्यकर्त्यांनी सुचवला आहे. त्यांच्या कॉलेजात, होस्टेलात, मोबाइलवर हा वाद रोज चालतो. आपण मोठी माणसे तो ऐकूनही न ऐकल्यासारखे करतो. लोकमान्यांनी उत्सव सार्वजनिक केला तो चार माणसांनी एकत्र बसून चार प्रश्नांवर बोलावे म्हणून. तेव्हा बोलूया.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला माणूस आहे. आमच्या खात्यात एक शिस्त असते. बिघाड आला की उगाच वायरी उपटायच्या नाहीत. आधी सर्किटचा नकाशा समोर घ्यायचा, करंट कुठून कुठे जातो ते पाहायचे, मग दोष कुठे आहे ते बोलायचे. आज तेवढेच करणार आहे.

एक झाड, तीन वस्तू

पहिला घोळ शब्दांचा आहे. मराठीत केसांत पाडतो तो भांग पुल्लिंगी, आणि प्यायची ती भांग स्त्रीलिंगी. एवढा फरक आपल्याला कळतो. पण भांग, गांजा आणि चरस यांतला फरक विचारला तर शंभरात नव्वद माणसे गडबडतात. झाड एकच आहे. त्याची पाने म्हणजे भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. आणि त्या झाडातून निघणारी चिकट राळ म्हणजे चरस. नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. ते पानांत कमी, शेंड्यांत जास्त आणि राळेत त्याहून जास्त असते. सीबीडी नावाचे दुसरे द्रव्यही त्यात असते. त्याने नशा येत नाही, आणि औषधाची बरीचशी चर्चा त्याच्याभोवती आहे.

आपला कायदा नेमका या तीन वस्तूंवर उभा आहे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो चरस आणि गांजा यांना बंदी घालतो. गांजाच्या व्याख्येतून मात्र बिया आणि पाने वगळली आहेत, शेंडे सोबत नसतील तर. म्हणून पाने, म्हणजे भांग, केंद्राच्या त्या कायद्यात येत नाही. तिचा निर्णय राज्याकडे राहतो. आपण उत्तर प्रदेशात राहतो. इथे आबकारी खात्याच्या परवान्याने भांगेची दुकाने चालतात. बाजारात जाता-येता आपण सगळ्यांनी ती पाहिली आहेत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. परवान्याशिवाय ती जवळ बाळगणे गुन्हा आहे. म्हणजे झाशीच्या दुकानात उघडपणे घेतलेली गोळी खिशात ठेवून कोणी पंजाब मेलने दादरला उतरला, तर वाटेत गोळी तीच राहिली, माणूस तोच राहिला, फक्त तो गुन्हेगार झाला. देश एक, रूळ एक, गाडी एक, आणि नियम दोन. वादाची सुरुवात इथूनच होते.

बंदी आली कशी

आपल्याला वाटते ही बंदी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तसे नाही. इंग्रजांच्या काळात गांजावर कर होता, परवाने होते, आणि ठरावीक भागातच लागवडीला परवानगी होती. मध्य प्रांतात खांडव्याकडच्या निमाड भागात सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत असे. विलायतेच्या पार्लमेंटमध्ये या व्यापारावर प्रश्न उठला, तेव्हा सरकारने १८९३ मध्ये एक आयोग नेमला. या आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या. डॉक्टर, कलेक्टर, शेतकरी, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, साधू, सगळ्यांना विचारले. १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल आला. निष्कर्ष असा, की बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. आणि संपूर्ण बंदीपेक्षा कर लावून व परवाने देऊन ताबा ठेवणे शहाणपणाचे. आज गांजाच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण या अहवालाचा दाखला देतो. तो द्यावाच. पण त्या साक्षी १३० वर्षांपूर्वीच्या गांजाबद्दल आहेत, हेही सोबत सांगावे.

मग १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांवरचा करार झाला. त्यात हे झाड अफूच्या पंक्तीत बसले. आपल्याकडे परंपरेने चालत आलेला वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली, आणि पानांना त्या करारातही वगळले गेले. मुदत संपत आली तेव्हा १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपला कायदा लागू झाला. म्हणजे आज या सभेत जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांच्या लहानपणी परवान्याचा गांजा अनेक राज्यांत राजरोस विकला जात होता.

आणखी एक तारीख सांगतो. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत धोकादायक पदार्थांच्या चौथ्या यादीतून काढले. मते पडली २७ विरुद्ध २५. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. मोबाइलवर लगेच बातमी फिरली की भारताने गांजाला मान्यता दिली. तसे काही झाले नाही. पहिल्या यादीत तो कायम आहे, आपला कायदाही कायम आहे. औषधी उपयोगाचा दरवाजा थोडा किलकिला झाला, एवढेच.

परवानगी मागणाऱ्यांचे म्हणणे

आता दोन्ही बाजू मांडतो. आधी परवानगीवाल्यांची, आणि प्रामाणिकपणे.

त्यांचा पहिला मुद्दा दारूचा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशव्यापी पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. भांग, गांजा, चरस मिळून सुमारे ३ कोटी १० लाख. त्यांतले भांग घेणारे २ कोटी २० लाख आणि गांजा-चरस ओढणारे १ कोटी ३० लाख. काही जण दोन्ही घेतात. दारूने किती संसार मोडले ते आपल्या कॉलनीतही मोजता येईल. गांजाच्या अतिसेवनाने दारूसारखा जागेवर जीव जाण्याचे प्रकार जवळपास नाहीत. मग दारूला दुकान आणि गांजाला तुरुंग, हा कुठला न्याय? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा मुद्दा, कायद्याची कुऱ्हाड कोणावर पडते. १ किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत. २० किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण, शिक्षा किमान १० वर्षे, कमाल २०, आणि जामीन मिळणे महाकठीण, कारण आरोपी निर्दोष असावा असे न्यायालयाला आधी वाटावे लागते. पकडला कोण जातो? ओडिशा आणि आंध्रच्या डोंगराळ सीमाभागातून दिल्लीकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या आपल्या झाशीवरून जातात. त्यांत बॅगा सापडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. २०१९ पासून आरपीएफलाही या कायद्याखाली झडती आणि अटकेचे अधिकार मिळाले आहेत, आणि ते काम मनापासून करतात. पण बॅग घेऊन बसलेला असतो तो चार-पाच हजारांसाठी निघालेला मजूर. आमच्याकडच्या एका हेल्परचा भाचा असाच सापडला. बुंदेलखंडातले खेडे, पाऊस नाही, काम नाही. "ही बॅग दिल्लीला पोचव" एवढेच सांगणारा माणूस कोण, ते त्याला आजही माहीत नाही. बॅगेत २२ किलो होते. २० च्या वरचे ते दोन किलो त्याच्या आयुष्यातली दहा वर्षे नेऊ शकतात. म्हातारी आई तारखेला जाते आणि परत येते. माल कोणाचा होता, हे अजून उलगडलेले नाही.

तिसरा मुद्दा शेतीचा आणि औषधाचा. या झाडाच्या धाग्याचे कापड, दोर, कागद होतो. नशा जवळजवळ नसलेल्या वाणांच्या लागवडीला उत्तराखंडने २०१८ मध्ये परवाने दिले. हिमाचल विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीची शिफारस करणारा अहवाल स्वीकारला. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत परवान्याने संशोधन चालू आहे. अमेरिकेत लहान मुलांच्या काही दुर्धर फेफऱ्यांवर सीबीडीचे औषध २०१८ मध्ये मंजूर झाले. केमोथेरपीच्या मळमळीवर टीएचसीचे औषध तर १९८५ पासून आहे. ज्या वर्षी आपण कायदा केला, त्याच वर्षी!

बंदी मागणाऱ्यांचे म्हणणे

आता दुसरी बाजू.

पहिली गोष्ट, आजचा गांजा आजोबांच्या वेळचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त मालाची वर्षानुवर्षे तपासणी होते. १९९५ च्या सुमारास त्यात टीएचसी ४ टक्के होते, २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेले. काढलेल्या तेलात आणि अर्कात तर त्याच्या कितीतरी पट. चहाच्या कपात ताक पिणारा माणूस त्याच कपात दारू पिऊ लागला, तर "कप तोच आहे" म्हणून चालत नाही.

दुसरी गोष्ट वयाची, आणि इथे आई-बापांनी कान द्यावेत. गांजाची सवय लागते की नाही यावर मुले आपल्याशी वाद घालतात. लागते. वापरणाऱ्या दर दहांत साधारण एकाला लागते. कोवळ्या वयात सुरुवात केली तर दर सहांत एकाला. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. लहान वयात, रोज आणि जहाल माल घेणाऱ्यांत भ्रम होणे, संशय येणे, आवाज ऐकू येणे अशा मानसिक आजारांचे प्रमाण जास्त आढळते. ज्यांच्या घराण्यात असा आजार आहे, त्यांना धोका अधिक. एम्सच्या त्याच पाहणीत देशात सुमारे ७२ लाख लोकांना या नशेपायी मदतीची गरज आहे असे दिसले. आकडा दारूपेक्षा कमी आहे, पण ७२ लाख ही कितीतरी घरे झाली.

तिसरी गोष्ट दुकानदारीची. साधूची चिलीम आणि कंपनीचे दुकान यांत फरक आहे. दुकान उघडले की भाडे आले, नोकर आले, जाहिरात आली. वर्षातून एकदा महाशिवरात्रीला येणाऱ्या गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही, ते रोजच्या गिऱ्हाइकावर चालते. मग रोजचे गिऱ्हाईक तयार केले जाते. तंबाखू आणि दारूच्या धंद्याने हे आपल्याला शिकवले आहे.

यावर परवानगीवाले म्हणतात, बंदीने तरी काय साधले? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि टपऱ्यांवर पुडी मिळायची थांबलेली नाही. खरे आहे. पण याच उदाहरणाचा दुसरा अर्थही निघतो. जे सरकार पुडी थांबवू शकत नाही, ते गांजाच्या दुकानात १७ वर्षांच्या पोराला माल मिळणार नाही, याची काळजी कशी घेईल?

रेल्वेवाल्याच्या नजरेतून

आता माझ्या अंगणातला मुद्दा. ४ जानेवारी १९८७. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात चेस नावाचे ठिकाण. मालगाडी कंपनीची तीन इंजिने एकमेकांना जोडून निघाली होती. समोर थांबण्याचा सिग्नल होता. इंजिने तो ओलांडून मुख्य मार्गावर आली. मागून वॉशिंग्टनहून बॉस्टनकडे जाणारी प्रवासी गाडी भरधाव येत होती. १६ माणसे गेली. चौकशीत निघाले की इंजिनवरच्या माणसांनी गांजा ओढला होता. शिवाय केबिनमधल्या इशाऱ्याच्या शिटीला चिकटपट्टी लावून तिचा आवाज दाबला होता. सिग्नल खात्यातल्या माणसाला या दुसऱ्या वाक्याने जास्त घाम फुटतो. आम्ही कितीही यंत्रे बसवू, त्यावर पट्टी लावणारा हात शुद्धीवर नसेल तर काय उपयोग? या अपघातानंतर तिथे चालकांची प्रमाणपत्रे, अचानक होणाऱ्या नशेच्या चाचण्या, असे कडक नियम आले.

प्रामाणिकपणे हेही सांगतो, की त्या वेळी तिथे गांजा बेकायदाच होता. म्हणजे बंदी असूनही तो अपघात झाला. तेव्हा हा अपघात बंदीच्या बाजूचा पुरावा आहे असे मी म्हणणार नाही. त्यातून मी वेगळा धडा घेतो : नशा मोजता आली पाहिजे.

आपल्याकडे लोको पायलट लॉबीत साइन ऑन करताना ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकर मारतो. दारू असेल तर यंत्र सांगते. गांजा असेल तर ते यंत्र मुके आहे. रस्त्यावरच्या मोटारचालकासाठी रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची रेघ आहे. गांजासाठी अशी सर्वमान्य रेघ जगात ठरलेली नाही. अडचण शरीरशास्त्राची आहे. दारू काही तासांत उतरते आणि शरीरातून जाते. गांजाची नशा काही तासांत उतरते, पण त्याचे अंश लघवीत कित्येक दिवस, रोज ओढणाऱ्यात कित्येक आठवडे सापडतात. म्हणजे चाचणी "होय" म्हणाली तर माणूस आत्ता नशेत आहे, की गेल्या रविवारी होता, ते कळत नाही. उद्या परवानगी मिळाली, एखाद्या गेटमनने सुट्टीत ओढला, बुधवारी चाचणीत सापडला. त्याला दोषी म्हणायचे की नाही? आणि नाही म्हटले, तर जो खरोखर नशेत कामावर आला त्याला पकडायचे कशाने? ज्या गोष्टीचे मीटर नाही, तिच्या वापराला मोकळीक देताना गाडीत बसलेल्या दीड हजार माणसांचा विचार करावा लागतो. भांगेलाही हे सगळे लागू आहे, कारण टीएचसी तेच आहे.

इतर देशांनी काय केले

जगात एकच रस्ता नाही. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा केला, तिथे नोंदणी केलेल्या नागरिकाला औषधाच्या दुकानातून ठरावीक गांजा मिळतो. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून दुकाने उघडली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना थोडा बाळगायची आणि घरी तीन झाडे लावायची मोकळीक दिली, पण सर्रास दुकाने उघडली नाहीत. थायलंडचा धडा मात्र नीट पाहावा. जून २०२२ मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, आणि नियम नंतर करू म्हटले. गल्लोगल्ली हजारो दुकाने झाली. तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. इंटरलॉकिंग तपासण्याआधीच गाडी सोडली की हे होते.

मला सर्वांत विचार करायला लावले ते पोर्तुगालने. २००१ पासून तिथे स्वतःपुरती नशा बाळगणे हा फौजदारी गुन्हा नाही. दुकान नाही, विक्रीला परवानगी नाही, पण सापडलेल्या माणसाला तुरुंगाऐवजी एका समितीपुढे नेतात. त्यात कायद्याचे आणि समाजसेवेचे जाणकार असतात. गरज असेल तर उपचार, नसेल तर समज किंवा दंड. विकणाऱ्याला मात्र तुरुंगच.

माझे मत

माझे मत सिग्नलच्या भाषेत सांगतो, त्यापलीकडची भाषा मला येत नाही.

हिरवा द्यावा औषधाला, संशोधनाला, धाग्याला आणि बियांना. बियांना तर अन्न म्हणून २०२१ मध्ये मान्यता मिळालीच आहे. इथे सरकारने अधिक वेगाने जावे. आजारी मुलाच्या आईला औषधासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत.

पिवळा द्यावा स्वतःपुरता ओढणाऱ्याला. त्याला सहा महिने तुरुंगात घालून समाजाला काही मिळत नाही. पोरगा तिथून अधिक पक्का होऊन बाहेर येतो आणि नोकरीचा दरवाजा कायमचा बंद होतो. आजच्या कायद्यातही ६४-अ कलम आहे. अल्प प्रमाणातला आरोपी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम किती पालकांना माहीत आहे? उपचार हा पहिला मार्ग व्हावा, अशी दुरुस्ती व्हायला हवी. आणि बॅग वाहणारा मजूर व मालाचा मालक यांना एकाच तराजूत तोलू नये.

लाल ठेवावा दुकानाला, जाहिरातीला, आणि ड्यूटीवरच्या माणसाला. निदान नशा मोजण्याचे खात्रीचे यंत्र हाती येईपर्यंत, आणि दारू-तंबाखूचे आपले आजचे नियम आपण पाळून दाखवेपर्यंत. हे माझे मत आहे. तुम्ही दुसरीकडे पोचाल, पण नकाशा पाहून पोचा.

आता कायद्यापेक्षा जवळची गोष्ट, आपले मंडळ. होळीमिलनात आपल्याकडे थंडाईची दोन पातेली असतात, एक साधे आणि एक भांगेचे. इथल्या कायद्यात ते बसते, आणि काही ज्येष्ठांना त्यात आनंद आहे. कार्यकारिणीपुढे मी एवढेच ठेवतो. दुसऱ्या पातेल्यावर ठळक पाटी असावी. त्याच्याजवळ एक जबाबदार माणूस शेवटपर्यंत उभा राहावा. २१ वर्षांखालच्या कोणालाही ते मिळू नये, आणि फसवून तर कोणालाच नाही; गंमत म्हणून नव्या जावयाला पाजण्याची प्रथा बंद व्हावी. ज्याची रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ड्यूटी आहे त्याने त्या दिशेला फिरकू नये. प्यायलेली भांग तास-दीड तासाने चढते, म्हणून माणूस "काहीच होत नाही" म्हणत दुसरा पेला घेतो, आणि मग स्कूटर काढतो. एवढे पाळता येणार नसेल, तर एकच पातेले ठेवावे. थंडाई साधीही चांगली लागते.

आणि पालकांना एक विनंती. आपल्याकडे तुळशीत भांग उगवली असे म्हणतात. चांगल्या घरात वाईट मूल निघाले, असा त्याचा अर्थ. मुलगा सापडला की आपण हीच म्हण त्याच्या तोंडावर फेकतो आणि दार लावतो. दार लावू नका. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले. गर्दच्या विळख्यातल्या मुलांना त्यांनी माणूस म्हणून आत घेतले. तिथून बरी होऊन गेलेली माणसे आज इतरांना आधार देत आहेत. झाशीहून पुणे लांब वाटत असेल, तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. तो लिहून घ्या. आपल्या घरात लागणार नाही, शेजारी लागेल.

श्रोत्यांचे प्रश्न

एका तरुण कार्यकर्त्याने विचारले : "काका, भगवान शंकर भांग घेतात, साधू चिलीम ओढतात. मग आपल्या संस्कृतीत ते वाईट कसे?"

उत्तर : शंकरांनी हलाहलही प्यायले होते. ते कोणी प्रसाद म्हणून मागत नाही! विनोद बाजूला ठेवू. परंपरेत ही वस्तू होती हे खरे, आणि परंपरेला वेळ, वय आणि ठिकाण यांची चौकट होती. सण वर्षातून एकदा येई. साधूने घर-संसार सोडलेला असे, त्याला सकाळी आठची शिफ्ट नसे. चौकट टाकून फक्त चिलीम उचलली, तर ती परंपरा राहत नाही.

एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले : "एवढे खोलात कशाला? सरसकट बंदी, भांगेलासुद्धा, हे सोपे नाही का?"

उत्तर : आजोबा, बोलायला सोपे आहे. पण कागदावर बंदी आणि बाजारात माल, अशी स्थिती आली की मुलांचा कायद्यावरचाच विश्वास उडतो. मग ती सिग्नल तोडतानाही तसाच विचार करतात. थोडे नियम असावेत, आणि असतील ते पाळले जावेत.

एका वहिनींनी विचारले : "मुलगा घेतो की नाही, हे ओळखायचे कसे?"

उत्तर : डोळे लाल, भूक अवेळी, पैसे कमी पडणे, जुने मित्र सुटणे, अशी लक्षणे सांगतात. पण यांतले प्रत्येक लक्षण परीक्षेच्या काळातही दिसते. खिसे तपासण्याआधी त्याच्याबरोबर रोज एकदा जेवायला बसा. बोलणे चालू असेल तर तो स्वतःच सांगेल. आणि सांगितलेच, तर पहिल्या दिवशी ओरडू नका. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे सोबत जा.

आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!